हिरव्या गाडीचा काटा

“वैनी, जप आटपला की तेवढं बाहेर या. त्या काट्याला खरं बोलाय लावा.”

बाबालालभाऊ देवघराच्या खिडकीबाहेर उभे होते. मी नुसती मान हलवली. हातात माळ होती, आणि सकाळची माळ पुरी झाल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. हा नेम माहेरपासूनचा. बाबालालभाऊंना तो ठाऊक होता. इंगवल्यांचे ड्रायव्हर म्हणून बावीस वर्षं ते त्यांची हिरवी गाडी घेऊन आमच्या दारात येत होते, आणि माझी माळ चालू असली तर खिडकीतून ‘येतो वैनी’ एवढं म्हणून निघायचे. त्या दिवशी मात्र ते हलले नाहीत.

“आज खोटा ठरलो तर दुपारच्याला बंगल्यामागची खोली सोडायची हाय. मालकांनी सांगितलंय, पोतदार म्हणतील ते खरं. काटा बराबर निघाला तर बाबालाल चोर.”

एवढं बोलून ते पुढच्या बाजूला गेले.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं घर. पुढच्या खोलीत ‘पोतदार मीटर वर्क्स’ आणि मागं आम्ही. गाड्यांचे पेट्रोलचे काटे, वेगाचे काटे, घड्याळं, सगळं ह्यांच्याकडे दुरुस्तीला यायचं. काम धरायचे हे. पण केसासारखी तार गुंडाळायची आणि नखाएवढ्या जागेत कथील वितळवून डाग द्यायचा तो मी. मी सोनाराची मुलगी. डाग द्यायला मी वडिलांच्या मांडीशी बसून शिकले.

हिरवी गाडी त्रेपन्न सालची, विलायती. तात्यासाहेब इंगवले तिला दसऱ्याला आणि घरच्या लग्नकार्यालाच बाहेर काढत. त्या वर्षी दसऱ्याला टाकी काठोकाठ भरली, सीमोल्लंघन झालं, आणि गाडी शेडमध्ये लावली. किल्ली बाबालालभाऊंकडे. दर सोमवारी इंजिन दोन मिनिटं चालू करून बंद करायचं, एवढाच तिचा वापर. पण काटा उतरत गेला. दिवाळीला पाऊण, त्रिपुरी पौर्णिमेला अर्धा, आणि आता पावच्याही खाली. गाडी जागची हलली नाही, मग पेट्रोल गेलं कुठं? तात्यासाहेबांचा पुतण्या संग्राम, त्यानं पहिल्यांदा हे बोलून दाखवलं. एकदा बोललं गेलं की सगळ्या बंगल्याला तेच दिसायला लागलं.

पुढच्या खोलीतला शब्दन् शब्द देवघरात ऐकू येत होता.

“काय ओ पोतदार, एवढं काय बघायचंय त्यात?” हा संग्राम. “काकांना कागद पायजे, म्हणून आलो. काटा ठीक आहे असं लिहा, खाली सही ठोका. मी सुटलो, तुम्ही सुटला.”

“नाही, तसं…” ह्यांनी घसा खाकरला. “उघडायची काही गरज नाही म्हणा. दसऱ्यालाच तर केलाय आपण. नवा फ्लोट टाकलाय.”

“मग लिहा की.”

“पोतदारसायेब, एकडाव गाडी नुसती हलवून तरी बगा,” बाबालालभाऊ म्हणाले. “आत पेट्रोल वाजतंय.”

“पेट्रोल वाजतंय का तुझं पोट वाजतंय?” संग्राम हसला. “अख्खी टाकी प्यालास, ढेकर तरी दिलास का न्हाई?”

मग टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला. आमचं नाव छापलेला कागद त्या खणात असतो.

माझे पस्तीस मणी राहिले होते. देवासमोर बसून मी नाव घेत होते, पण कान बाहेरच होते. माळ खाली ठेवून उठावं असं दोनदा मनात आलं. उठले नाही. मणी ओढत राहिले. प्रत्येक मण्यागणिक राग वाढतच होता. मला वाटत होतं, राग त्या उद्धट पोराचाच आहे. शेवटचा मणी आला तेव्हा मी देवाला नमस्कारही धड केला नाही.

बाहेर आले तर हे कागदावर तारीख घालत होते.

“अहो, न बघताच चिठ्ठी?”

माझा आवाज मुळातच लहान. भाजीवालीलासुद्धा मला दोनदा सांगावं लागतं. पण ह्यांचं पेन थांबलं.

“बघितल्यासारखंच आहे ते. तू आत हो.”

“काकू, तुमची पूजा चालू द्या,” संग्राम मोटरसायकलवर आडवा बसून किल्ली बोटाभोवती फिरवत होता. “पुरुषांचं चाललंय.”

“काटा पुरुषांचा असला तरी त्याच्या आतली तार मी गुंडाळलेली आहे,” मी म्हटलं. “तपासा म्हणते. दोन माणसांसमोर तपासा.”

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी काही चुकीचं बोलले असं मलाच वाटावं. पण उठले. दारासमोरच्या गाडीची डिकी उघडून खालचं जाजम बाजूला केलं. तिथं टाकीच्या माथ्यावर एक गोल झाकण असतं. झाकणाच्या वर तार जोडलेली, आणि झाकणाच्या खाली टाकीत एक लांब दांडी. दांडीच्या टोकाला फ्लोट, म्हणजे पितळी डबी, पोकळ. पेट्रोलवर ती डबी तरंगते. पेट्रोल खाली गेलं की डबी खाली जाते, आणि तिच्या मागोमाग समोरचा काटा.

“बाबालाल, स्विच चालू कर आणि काट्यावर डोळा ठेव,” हे म्हणाले. त्यांनी वरची तार सोडवली. “आता?”

“भरल्यावर गेला.”

“आता?” त्यांनी तारेचं टोक गाडीच्या पत्र्याला टेकवलं.

“रिकाम्यावर आला.”

हे संग्रामकडे वळले. “बघा. काटा एकदम चोख आहे. तार चोख आहे. आणखी काय पायजे?”

बाबालालभाऊ गाडीतून उतरले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मार्गशीर्षातली थंड सकाळ, आणि त्यांना घाम.

“मग लिहा,” संग्राम म्हणाला.

आता मला ह्यांचा राग आला. कारण ह्यांनी केलेली परीक्षा खरी होती, पण अर्धी होती. समोरचा काटा आणि त्याची तार ह्या दोनच गोष्टी त्यातून कळतात. टाकीतल्या डबीपर्यंत ही परीक्षा पोचतच नाही. हे तिथं फक्त दोन माणसांना कळत होतं, आणि त्यातला एक गप्प होता.

“फ्लोट राहिला,” मी म्हटलं.

“फ्लोट नवा आहे.”

“मग सहा स्क्रू काढा आणि दाखवा नवा.”

“जरा आत ये,” हे म्हणाले.

आम्ही स्वयंपाकघरात आलो. ह्यांनी मधलं दार लोटलं. गॅसवर दूध होतं, ते मी बंद केलं. हे माठाशी उभे राहिले, पाणी काही घेतलं नाही.

“फ्लोट नवा नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“जुनाच आहे. चिंच लावून घासला आणि बसवला. तात्यासाहेबांना नवा म्हणून सांगितलं. विलायतेहून मागवला म्हणून.”

“बरं. मग?”

“त्याला तळाशी बारीक छिद्र होतं.”

“मग गल्लीतल्या मोमीनच्या दुकानातून डाग देऊन आणायचा.”

“मोमीनचं दुकान त्या दिवशी बंद होतं,” ते म्हणाले. “सगळी गल्लीच बंद होती. खंडेनवमी होती, अनसूया.”

मग मला आठवलं. आठवलं म्हणजे विसरले नव्हतेच, पण ह्या गाडीशी ते जोडलं नव्हतं. खंडेनवमीला मी दुकानातली सगळी हत्यारं धुऊन, पुसून, पाटावर मांडते. पान्हे, पक्कड, डाग द्यायचं आयर्न, सगळं. हळदकुंकू, झेंडू, नैवेद्य. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. त्या दुपारी हे देवघराच्या दारात आले होते. म्हणाले, “आयर्न दे पाच मिनिटं. एक डाग द्यायचाय, उद्या सकाळीच गाडी पायजे त्यांना, सीमोल्लंघनासाठी.” मी म्हटलं होतं, “देवापुढचं हत्यार उचललंत, तर मी अन्नाला शिवणार नाही.” मी ते हळू आवाजातच म्हटलं होतं. आणि मी म्हटलं की करते, हे ह्यांना माहीत होतं.

“मग काय लावलंत छिद्राला?”

“साबण. अंगाचा. पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही, आठ-पंधरा दिवस धरतो. म्हटलं दसरा झाला की गाडी बोलावून नीट डाग देऊ.”

“आणि बोलावली नाहीत.”

“राहिलं.”

“दिवाळीत बाबालालभाऊ आले होते. मी फराळ दिला होता त्यांना. तेव्हा ते काट्याचंच सांगायला आले होते ना?”

ह्यांनी माठावरचा पेला सरळ केला.

“काय सांगितलंत त्यांना?”

“म्हटलं, वापर होत असेल.”

“तुम्हाला तेव्हाच कळलं होतं.”

“कळलं होतं.” ते एकदम माझ्यावर आले, पण आवाज खालीच ठेवला, कारण बाहेर माणसं होती. “आता काय करू? बाहेर जाऊन सांगू, की नवा म्हणून जुना घातला आणि वर साबण फासला? तात्यासाहेब ज्याच्या त्याच्या कानावर हे घालतील. कोल्हापुरातली एकही जुनी गाडी परत ह्या दारात येणार नाही. बाबालालला काय, तो ड्रायव्हर माणूस, उद्या दुसरा मालक मिळेल. आपल्याला दुसरं नाव मिळणार आहे का?”

“तो माणूस चोर ठरतोय.”

“आणि मला चोर कुणी केलं? पाच मिनिटं आयर्न दिलं असतंस तर हे घडलं असतं का? तुझा नेम! तुझ्या नेमापायी मी साबण लावला. आता तूच मला शिकव खरंखोटं.”

मी ओट्याला धरून उभी होते. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळेना. हे बोलत होते त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. साबण ह्यांचा, खोटं ह्यांचं, दिवाळीपासूनचं गप्प बसणं ह्यांचं. पण त्या दुपारी अन्नाची धमकी माझी होती. देवानं मागितली नव्हती ती. मीच दिली होती, आणि दिल्यावर समाधानानं आरती म्हटली होती.

“चिठ्ठी लिहू नका,” मी म्हटलं.

“अनसूया.”

“लिहिलीत तर मी ती त्यांच्यासमोर फाडीन.”

मी मधलं दार उघडलं आणि फडताळातून स्क्रू-ड्रायव्हर, पान्हा आणि पाच लिटरचे रिकामे डबे घेऊन बाहेर आले. पदर खोचला. बाबालालभाऊंना म्हटलं, “कुणाला विडी पेटवू देऊ नका.” आणि रस्त्यावर चटई टाकून मी गाडीखाली आडवी झाले. पंचेचाळिशीची बाई, कपाळावर सकाळचं गंध तसंच. शेजारच्या लेथवरची माणसं बाहेर येऊन उभी राहिली.

“ओ काकू, काय चाललंय?” संग्राम मोटरसायकलवरून उतरला. “पोतदार, बायकोला आवरा की!”

हे दारात उभे होते. पुढं आले नाहीत.

टाकीच्या तळाचा नट घट्ट होता. दोनदा पान्हा सटकला आणि बोटाची सालटं निघाली. तिसऱ्यांदा बाबालालभाऊंनी बाजूनं हात घालून पान्हा धरला, दोघांनी मिळून जोर लावला, आणि नट फिरला. पेट्रोलची धार डब्यात पडली.

“काट्यात किती आहे म्हणालात?” मी खालूनच विचारलं.

“पावच्या खाली,” संग्राम म्हणाला.

पहिला डबा भरला. बाबालालभाऊंनी दुसरा सरकवला. दुसरा भरला. तिसरा. धार तशीच जोरात होती. चौथ्याला लेथवरचा एकजण म्हणाला, “आयला, ही टाकी हाय का हीर?” कुणीतरी हसलं. पाचवा भरला. सहावा निम्म्यावर आला तेव्हा कुठं धार बारीक झाली. बाबालालभाऊ त्या सहा डब्यांसमोर उकिडवे बसले होते. त्यांनी एकेका डब्याला हात लावला, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी उठले, डिकीशी आले, झाकणाचे सहा स्क्रू काढले, बुचाचं पॅकिंग सोडवलं आणि दांडी वर ओढली. डबी पेट्रोलनं ओली, चकचकीत होती. मी ती संग्रामच्या कानाशी नेऊन हलवली.

“ऐका. डबीत पेट्रोल शिरलंय. शिरलं तशी ती जड झाली आणि बुडत गेली. टाकी भरलेलीच होती. खाली गेला तो फक्त काटा.”

“फ्लोट तर नवा…” संग्राम ह्यांच्याकडे वळला.

मी नखानं डबीच्या तळाचा पिवळट पापुद्रा खरवडला आणि त्याच्यापुढं धरला. “हा साबण. फ्लोट जुना आहे. छिद्राला डाग द्यायचा होता, तो दिला नाही, त्यावर साबण लावला. ह्यांनी लावला. हत्यार मी उचलू दिलं नाही म्हणून लावला. आणि काटा उतरतोय हे दिवाळीत कळलं तरी आमच्या घरातून कुणी बोललं नाही.”

लेथवरची माणसं हळूहळू आत गेली. ह्यांनी टेबलावरचा कागद उचलला, घडी केला आणि खिशात घातला.

संग्रामनं दोनचार वेळा मान हलवली. मग म्हणाला, “बरं. झालं ते झालं. मी सांगतो काकांना, काहीतरी मशिनरीचा घोळ होता म्हणून. बाबालाल, तू मागनं ये.”

“काहीतरी नाही,” मी म्हटलं. “मी येते सांगायला.”

“आता तुम्ही कशाला, काकू?”

“कारण तुम्ही ‘काहीतरी’ म्हणालात.”

चप्पल घालत होते तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. “त्या बंगल्यावर गेलीस तर…” पुढचं त्यांनी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही, आणि ह्या गोष्टीला आता एकतीस वर्षं होतील.

रिक्षात मी आणि बाबालालभाऊ. फ्लोट मी जुन्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरला होता. मी त्यांच्याकडे पाहूही शकत नव्हते.

तात्यासाहेब व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसले होते. सत्तरीचा, गोरा, धिप्पाड माणूस. संग्राम आधी पोचून खांबाला टेकला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नवा म्हणून जुना घातल्याचं, साबणाचं, खंडेनवमीचं, दिवाळीचं. मधे थांबले नाही. थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. फडकं सोडून फ्लोट त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो हातात घेऊन फिरवला, वास घेतला आणि परत दिला.

“पोतदार असा निघेल असं वाटलं नव्हतं,” ते म्हणाले. “गाडी आता दुसरीकडे दाखवू. पण तुम्ही, बाई, कमाल केलीत. नवऱ्याविरुद्ध खरं बोलायला छाती लागते. देवाधर्माचं घर आहे, म्हणून हे बळ येतं. संग्राम, आत सांग, वहिनींची ओटी भरायला. अशी माणसं राहिली नाहीत आता.”

संग्रामनं खांबाशी उभ्यानंच आत हाक दिली. मग तात्यासाहेबांचं लक्ष पायरीखाली उभ्या बाबालालभाऊंकडे गेलं.

“बाबालाल, उद्यापासून ये नेहमीसारखा.”

एवढंच. आणि त्यांनी वर्तमानपत्र उचललं.

मला आधी वाटलं, आणखी काही बोलतील. वाट पाहिली. त्यांनी पान उलटलं. आतून कुणाच्या तरी बांगड्यांचा आवाज आला. माझी ओटी घेऊन कुणीतरी येत होतं. खोटं आमच्या घरातून निघालं, आणि ओटी माझी भरत होते. दीड महिना ज्या माणसाला ह्या फाटकात चोर म्हणून हाका मारल्या, त्याला ‘उद्यापासून ये’.

“माफी मागा!”

तो आवाज माझा होता. इतका मोठा, की संग्राम खांबापासून सुटून सरळ उभा राहिला. बांगड्यांचा आवाज दारातच थांबला.

तात्यासाहेबांनी पेपर खाली केला. “काय म्हणालात?”

“बाबालालभाऊंची माफी मागा! तुम्ही, आणि ह्या तुमच्या पुतण्यानं! ढेकर दिलास का म्हणून विचारत होता त्यांना, माझ्या दारात उभा राहून! बावीस वर्षं ज्याच्या हातात गाडी दिलीत, त्याच्यापेक्षा तुम्हाला एक काटा खरा वाटला!”

“बाई, आवाज खाली करा.”

“नाही करणार! आधी मी मागते.” मी पायऱ्या उतरले आणि बाबालालभाऊंसमोर हात जोडले. “भाऊ, माझं चुकलं. पाच मिनिटांसाठी मी तुमच्या पायाखालची जमीन काढून घेतली. आता तुम्ही मागा, तात्यासाहेब.”

तात्यासाहेबांचा चेहरा लाल झाला होता. ते खुर्चीच्या हातांना धरून उठले. मला वाटलं, पायरी उतरतात. ते आत गेले. मागचं जाळीचं दार आपटलं.

बाबालालभाऊंनी खिशातून गाडीची किल्ली काढली. पायऱ्या चढून गेले, किल्ली आरामखुर्चीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवली आणि उतरले. संग्राम म्हणाला, “अरे बाबालाल, काकांचा स्वभाव तुला माहीत आहे की. किल्ली कशाला देतोयस?” त्यांनी ऐकलं नाही.

बंगल्यामागच्या खोल्यांकडे जायची वाट पेरूच्या झाडांमधून होती. मी त्यांच्या मागं मागं चालत होते. वाटेत ते थांबले.

“वैनी, तुमी खरं बोललासा. पर माझा राग न्हाई, आसं मी म्हणणार न्हाई. हाय. तुमच्यावर बी हाय.”

“असायलाच पाहिजे.”

“जाईल तो. आज न्हाई, पर जाईल.” ते झाडाच्या बुंध्याकडे बघत बोलत होते. “माझी धाकटी हाय न्हवं, जैबू. सातवीला हाय. दिवाळीपासनं मला इचारायची, ‘अब्बा, खरंच घेतलं न्हाईसा न्हवं?’ पयल्या डावाला हसलो. दुसऱ्या डावाला रागावलो. चारपाच डाव इचारली आसंल. आन् मागल्या हप्त्यात तिनं इचारायचंच सोडलं.”

मी फडक्यातला फ्लोट त्यांच्यापुढं केला. “हे दाखवा तिला.”

त्यांनी तो घेतला. कानाशी नेऊन हलवला. बराच वेळ हलवत राहिले.

“दाखवतो,” ते म्हणाले. “बघंल, आन् मान बी हलवंल. पर ती माझ्याकडं बघून मान हलवंल का ह्या पितळंकडं बघून, ते मला आता कवाच कळायचं न्हाई.”

खोलीशी आलो. बाहेर दोरीवर धुतलेले कपडे वाळत होते, दाराला आतून कडी होती. बाबालालभाऊंनी हाक मारली. आतून पावलं आली. जैबू दार उघडेल तेव्हा आधी वडिलांच्या चेहऱ्याकडे बघेल की त्यांच्या हाताकडे, हे मला बघायचं नव्हतं. मी पाठ केली आणि दोरीवरचे कपडे काढायला लागले. किल्लीबरोबर खोलीही सुटली होती. सामान बांधायचं होतं त्यांना, आणि दुपार होत आली होती.